मोठ्या माणसांच्या लसींची नोंद कोण ठेवणार?

कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत बाळाचे लसीकरण कार्ड जपून ठेवलेले असते. परंतु त्याच घरातल्या आजोबांनी धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे कोणालाही सांगता येत नाही. लस लहान मुलांनाच लागते अशी आपली समजूत झाली आहे आणि माझ्या मते ती आपल्या जिल्ह्यात विशेष घातक आहे. इथे ऊस तोडताना कोयता पायावर बसतो, गोठा साफ करताना खिळा रुततो, उद्यमनगर-शिरोलीच्या कारखान्यांत पत्र्याने हात कापतो, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर तर कित्येकांनी घरातला गाळ अनवाणी उपसला.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली म्हणून आपण सुरक्षित होत नाही. एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही पुढे तो होऊ शकतो, म्हणून त्यालासुद्धा लस घ्यावीच लागते.

यावर ‘लागलं की इंजेक्शन घेतोच की,’ हे उत्तर मी नेहमी ऐकतो. ज्याने पूर्वी सर्व मात्रा घेतल्या आहेत, त्याला जखमेनंतरचा एक डोस पुरेसा ठरतो. परंतु ज्याने त्या कधीच पूर्ण केल्या नाहीत, त्याच्या शरीरात एका डोसाने वेळेत पुरेसे संरक्षण तयार होत नाही, आणि जखम खोल व मातीने भरलेली असेल तर त्याला इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या अनेकांना लहानपणी या मात्रा मिळालेल्याच नाहीत. स्त्रियांना निदान गरोदरपणात ही लस मिळाली. मात्र आयुष्यभर शेतात राबलेल्या पुरुषांपैकी अनेकांची पाटी कोरीच राहिली. पहिल्या तीन मात्रा पूर्ण झाल्यावर दर दहा वर्षांनी एक वर्धक मात्रा घ्यायची असते. आता धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींसाठी टीडी ही एकच लस मिळते आणि ती फार महागही नाही.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण त्याचा विषाणू सतत बदलतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून मृग लागण्यापूर्वी ती घेतलेली बरी. ज्यांना मधुमेह किंवा दमा आहे किंवा ज्यांचे वय पासष्टच्या पुढे आहे, त्यांनी न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लसीविषयीही डॉक्टरांना विचारावे. हिपॅटायटिस बी ही कावीळ रोखणारी लस देशभरातील बालकांना मिळू लागली, तोवर आजची तिशी-चाळिशीतली पिढी मोठी झालेली होती. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामातल्या प्रत्येकाने तिचे तीन डोस पूर्ण करावेत.

नागिणीचे मला विशेष वाईट वाटते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि उतारवयात पुन्हा उफाळतो. तरीही अंगावर फोड उठल्यावर अनेक घरांत आधी मंत्र घालणारा शोधला जातो. त्यात औषध सुरू करण्याचे पहिले तीन दिवस हातचे जातात आणि पुढे महिनोन् महिने आग होत राहते. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. ती महाग आहे आणि सर्वांना परवडणार नाही, हे मान्य करूनच मी हे लिहितो आहे.

टीडीबाबत मात्र ती अडचण नाही. आपली तालीम मंडळे रक्तदान शिबिरे उत्तम भरवतात. त्याच मांडवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही लस देता येईल आणि प्रत्येकाच्या हाती तारखेची नोंद असलेले कार्ड ठेवता येईल. साखर कारखान्यांनी तर गळीत हंगाम हाताशी धरावा. बॉयलर पेटला की ऊसतोड टोळ्यांना पहिला डोस द्यावा, महिन्याभराने त्याच फडावर दुसरा द्यावा, आणि तिसरा सहा ते बारा महिन्यांनी द्यायचा असल्याने तो पुढच्या हंगामात टोळी परत आल्याबरोबर द्यावा.