बोटावरची शुगर रक्ताभिसरणाचे माप नव्हे

इंदूरमधील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. आयसीयूतील रुग्णाची शुगर एकाच वेळी बोटातून आणि शिरेतून मोजावी, दोन्हींत २० मिलिग्रॅमहून जास्त फरक आला तर हातापायांपर्यंत रक्त पोहोचत नाही असे समजावे, लॅक्टेटसारख्या (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) महाग तपासण्या नाकाराव्यात आणि गरज पडल्यास घरचा ग्लुकोमीटर नेऊन स्वतःच खात्री करावी, असा त्याचा आशय आहे. गीताभवन-पलासिया भागातील रुग्णालयांबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांपर्यंत तो पोहोचतो, म्हणून त्यातील एकेक दावा तपासायला हवा.

पहिल्या दाव्याला आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. रक्तदाब कोसळला की शरीर त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळून घेते आणि रक्त मेंदू व हृदयाकडे वळवते. बोटाच्या टोकाशी रक्त रेंगाळते आणि तेवढ्या वेळात भोवतालच्या पेशी त्यातील ग्लुकोज अधिक प्रमाणात ओढून घेतात. शॉकमधील, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त अपुरे पडणाऱ्या अवस्थेतील, रुग्णांच्या बोटातील शुगर शिरेतील रक्ताच्या प्रयोगशाळेतील मोजणीपेक्षा बरीच कमी दिसते, हे ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये १९९१ सालीच प्रसिद्ध झाले होते. मात्र अशा रुग्णात बोटावरच्या आकड्यावर विसंबू नये, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

शॉकमध्ये फरक पडतो, म्हणून फरक पडला की शॉकच आहे असे मुळीच ठरत नाही. २० मिलिग्रॅमची मर्यादा तर यंत्राच्या चुकीतच बुडून जाते. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या आयएसओ १५१९७ मानकानुसार १०० किंवा त्याहून अधिक शुगरला १५ टक्क्यांपर्यंतची चूक चालते. म्हणजे खरी शुगर २०० असताना यंत्राने १७० दाखवले काय किंवा २३० दाखवले काय, दोन्ही आकडे नियमात बसतात. नळीतून अन्न दिल्यानंतर बोटातील शुगर शिरेतल्यापेक्षा एरवीही जास्त असते. रुग्णाच्या रक्तात लाल पेशी कमी असतील तर अनेक पट्ट्या आकडा फुगवून दाखवतात. प्रयोगशाळेकडे निघालेली साधी नळी तासभर टेबलावर पडून राहिली, तर पेशी त्यातील ५ ते ७ टक्के ग्लुकोज खाऊन टाकतात. जानेवारीतल्या माळव्याच्या थंडीत गारठलेले बोट पिळून काढलेला थेंब तर विचारूच नका.

या साऱ्यांत सर्वांत फसवा प्रकार सलाईनचा आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये दर डेसिलीटरला ५००० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. ते चालू असलेल्या लाईनमधून रक्त घेताना नमुन्यात त्याचा शंभरावा भाग जरी मिसळला, तरी शुगर सुमारे ५० ने वाढलेली दिसते. संदेशावर विश्वास ठेवणारा नातेवाईक या ५० च्या फरकालाच ‘रक्त पोहोचत नाही’ म्हणेल, आणि रुग्णाचे रक्ताभिसरण प्रत्यक्षात उत्तम असेल.

खर्चाची तक्रार मात्र रास्त आहे. पण तिचे उत्तर शुगरमध्ये नाही. रक्ताभिसरण पाहण्याची फुकटची तपासणी खाटेपाशीच होते: बोटाच्या टोकावर दहा सेकंद दाब द्यायचा, सोडायचा आणि पांढरी पडलेली त्वचा पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. तीन सेकंदांहून जास्त लागले तर काळजीचे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँड्रोमेडा-शॉक’ चाचणीत दक्षिण अमेरिकेतील ४२४ रुग्णांपैकी काहींचे उपचार या निकषावर, तर काहींचे लॅक्टेटवर बेतले गेले. २८ दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात ३४.९ टक्के आणि दुसऱ्यात ४३.४ टक्के होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही, पण साधी तपासणी उणी पडली असेही दिसले नाही. म्हणून लॅक्टेट नाकारावे, असे मात्र नाही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत, आणि त्यांच्या जोडीला लघवीचे प्रमाण व रक्तदाब असतोच.

राहिला घरचा ग्लुकोमीटर. शॉकमध्ये तो खोटी कमी शुगर दाखवून नको असलेले ग्लुकोज द्यायला लावू शकतो; लाल पेशी कमी असलेल्या रुग्णात खोटी जास्त शुगर दाखवून इन्सुलिनचा आग्रह धरायला लावू शकतो, आणि गुंगीत ठेवलेला रुग्ण शुगर उतरल्यावर चक्कर किंवा घबराट सांगू शकत नाही. धमनीत नळी असेल तर शुगरसाठी रक्त तिथूनच घेता येते, आणि नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायचेच असेल, तर नमुना कुठून घेतला, हे विचारावे.