प्रायव्हेट आयपी 'बदलत राहतो' म्हणणारा तो मेसेज चुकीचा आहे

एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) सर्व्हरबद्दलचा एक मेसेज सध्या खूप फिरतोय, मला एका आठवड्यात तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय की सर्व्हर बंद-चालू केला की प्रायव्हेट आयपी (आतल्या नेटवर्कमधला पत्ता) बदलतो म्हणून कॉन्फिगमध्ये पब्लिकच (इंटरनेटवरून दिसणारा) टाका, जास्तीचा प्रायव्हेट आयपी हवा तर लिनक्सच्या आतून कमांड मारा, आणि प्रायव्हेट आयपी असला की सिक्युरिटीचं टेन्शन नाही. नवीन पोरं हे वाचून सेटअप करतायत म्हणून लिहितोय, यातलं एकही बरोबर नाही.

आधी बदलण्याचं. प्रायव्हेट आयपी असतो नेटवर्क इंटरफेसचा (सर्व्हरला जोडलेल्या आभासी नेटवर्क कार्डचा), आणि मेन आयपी तो इंटरफेस डिलीट होईपर्यंत त्याच्याकडेच राहतो, सर्व्हर स्टॉप करा, महिन्याने स्टार्ट करा, आयपी तोच. टर्मिनेट (सर्व्हर कायमचा डिलीट) केल्यावरही तोच हवा असेल तर आधी इंटरफेस बनवा आणि त्याच्यावर सर्व्हर लाँच करा. हा समज आला कुठून तर जुन्या ईसीटू क्लासिकमधून (एडब्ल्यूएसच्या सर्व्हरसेवेचं आधीचं नेटवर्क), तिथे स्टॉप केलं की आयपी खरंच जायचा. पण डिसेंबर २०१३ पासून नवीन अकाउंटना क्लासिक मिळणं थांबलं आणि आता तर ते पूर्ण बंद झालंय.

स्टॉप-स्टार्टला बदलतो तो आपोआप मिळालेला पब्लिक आयपी, म्हणजे मेसेजमधला सल्ला बरोब्बर उलटा आहे. मी स्वतः हे भोगलंय. एका प्रोजेक्टमध्ये बिल वाचवायला डेटाबेसचा सर्व्हर रात्री बंद ठेवायचो आणि ॲपच्या कॉन्फिगमध्ये कोणीतरी पब्लिक आयपी टाकलेला, सकाळी सगळं ठप्प, आणि आम्ही दोन तास डेटाबेसचे लॉग वाचत बसलो जिथे काहीच नव्हतं. इलास्टिक आयपी (न बदलणारा पब्लिक आयपी) घेतला तरी शेजारच्या दोन सर्व्हरनी पब्लिकवरून बोलायचं म्हणजे डेटा ट्रान्सफरचे पैसे लागतात, एकाच झोनमध्ये (डेटासेंटरच्या एकाच गटात) प्रायव्हेटवरून ते फुकट आहे. शिवाय सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये) तुम्ही दुसऱ्या ग्रुपला परवानगी दिली असेल तर ती पब्लिकवरून आलेल्या ट्रॅफिकला लागूच होत नाही.

आतून कमांड मारायचं तर करून बघा. आयपी यादीत दिसेल, त्याच मशीनवरून पिंगही होईल, शेजारच्या मशीनवरून मात्र काहीच येणार नाही. कारण कुठला आयपी कुठल्या इंटरफेसवर हे एडब्ल्यूएसचं नेटवर्क ठरवतं, तुमचं लिनक्स नाही. आधी कन्सोलमधून इंटरफेसला सेकंडरी (जास्तीचा) आयपी द्यायचा, मग ॲमेझॉन लिनक्स तो स्वतःच उचलतं, उबंटूत बहुतेक वेळा नेटप्लॅनमध्ये (नेटवर्कच्या सेटिंग फाइलमध्ये) टाकावा लागतो. आणि किती देता येतील ते मशीनच्या साइजवर आहे, टी३ मायक्रो या छोट्या साइजला दोन इंटरफेस आणि प्रत्येकी दोनच आयपी. सबनेटही (नेटवर्कमधला पत्त्यांचा गट) बघा, /२८ साइजच्या सबनेटमध्ये १६ पत्ते दिसतात पण पाच एडब्ल्यूएस ठेवून घेतं, हातात ११.

सिक्युरिटीचं मला सगळ्यात जास्त लागलं. सर्व्हरवर लॉगिन करून पत्ते बघा, डिफॉल्ट व्हीपीसीत (एडब्ल्यूएसमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कमध्ये) १७२.३१ ने सुरू होणारा एकच दिसेल आणि वाटेल की चला, बाहेरून कोणी येत नाही. पण पब्लिक आयपी लावलेला असला तरी आत एवढंच दिसतं! पब्लिकचं प्रायव्हेट करण्याचं काम इंटरनेट गेटवे (व्हीपीसीचं इंटरनेटकडचं दार) बाहेरच्या बाहेर करतो, मशीनला त्याची खबरच नसते. आणि खरंच फक्त प्रायव्हेट असला तरी त्याच व्हीपीसीतलं दुसरं मशीन कोणी फोडलं तर तिथून तुमच्यापर्यंत रस्ता उघडाच आहे, अडवतो तो मुख्यतः सिक्युरिटी ग्रुप. म्हणून आतलं बघून ठरवू नका, कन्सोलमध्ये त्या सर्व्हरच्या पब्लिक आयपीव्ही४ च्या रकान्यात काय आहे ते बघा आणि सिक्युरिटी ग्रुपच्या इनबाउंडमध्ये (आत येण्याच्या नियमांत) कुठे ०.०.०.०/० (म्हणजे कोणालाही परवानगी) राहिलंय का ते बघा, आजच बघा.