नेमस्पेस उडवण्याआधी

एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएल डॉक्युमेंटाचं रूपांतर करणारी भाषा, शिकणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: ‘एक्सपाथला काही सापडत नाही? नेमस्पेस आडवा आलाय. रेजेक्सने एक्सएमएलएनएस उडवून टाका, नाहीतर सगळीकडे लोकल-नेम लावा. नेमस्पेस म्हणजे शेवटी नुसता प्रीफिक्स.’ (एक्सपाथ म्हणजे डॉक्युमेंटातले भाग शोधायची भाषा, नेमस्पेस म्हणजे सारख्या नावाचे एलिमेंट वेगळे ओळखायला केलेला नावांचा गट, एक्सएमएलएनएस म्हणजे तो जाहीर करणारा ॲट्रिब्यूट, लोकल-नेम म्हणजे प्रीफिक्स वगळून उरलेलं नाव देणारं फंक्शन, रेजेक्स म्हणजे मजकुरातले नमुने शोधून बदलायची पद्धत.) निदान बरोबर आहे, औषध चुकीचं.

‘नुसता प्रीफिक्स.’ नाही. एलिमेंटचं खरं नाव यूआरआय (नेमस्पेसची ओळख म्हणून दिलेला, वेबपत्त्यासारखा मजकूर) आणि लोकल नेम मिळून होतं. प्रीफिक्स हे त्या यूआरआयचं टोपणनाव. डॉक्युमेंटात ‘एसव्हीजी’ आणि स्टाइलशीटमध्ये, म्हणजे एक्सएसएलटीच्या प्रोग्राममध्ये, ‘चित्र’ असा प्रीफिक्स असला, तरी यूआरआय एकच असेल तर टेम्प्लेट (जुळणाऱ्या एलिमेंटचं काय करायचं ते सांगणारा नियम) लागतो. उलट यूआरआयच्या शेवटी एक स्लॅश जास्त पडला तर लागत नाही. प्रोसेसर तो पत्ता उघडून बघत नाही, अक्षराला अक्षर ताडून बघतो.

मग सापडत का नाही? डॉक्युमेंटात डीफॉल्ट नेमस्पेस असतो, एलिमेंटवर प्रीफिक्स दिसत नाही, म्हणून आपणही नुसतं ‘टायटल’ लिहितो. पण १९९९च्या एक्सएसएलटी १.० मध्ये एक्सपाथमधलं बिनप्रीफिक्सचं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. स्टाइलशीटच्या रूटवर तोच डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केला तरी एक्सपाथला त्याचं सोयरसुतक नाही. तो आउटपुटसाठी लिहिलेल्या एलिमेंटना लागतो. आणि एररही येत नाही! आपला टेम्प्लेट जुळत नाही म्हणून प्रोसेसरचे बिल्ट-इन टेम्प्लेट चालतात आणि सगळा मजकूर सलग ओतला जातो. असा लगदा दिसला की मी आधी नेमस्पेसच तपासतो. इलाज सोपा: त्या यूआरआयला स्टाइलशीटमध्ये एक प्रीफिक्स द्या आणि एक्सपाथमध्ये तो लावा. २००७च्या २.० पासून एक्सपाथ-डीफॉल्ट-नेमस्पेस हा ॲट्रिब्यूट आहे, म्हणजे तेवढंही टळतं. फक्त बिनप्रीफिक्सच्या ॲट्रिब्यूटला प्रीफिक्स चिकटवू नका. डीफॉल्ट नेमस्पेस त्याला लागतच नाही.

‘सगळीकडे लोकल-नेम.’ हा उद्योग मी केलाय. एक्सएचटीएमएल (एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेलं एचटीएमएल) पानातून शीर्षक काढायचं होतं. लोकल-नेम ‘टायटल’ असलेलं काहीही, असा टेम्प्लेट लिहिला. पानात एसव्हीजी, म्हणजे एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या, आकृत्या होत्या आणि एसव्हीजीलाही स्वतःचा टायटल असतो. प्रत्येक आकृतीचं नाव पानाचं शीर्षक बनून बाहेर आलं. मग एसव्हीजीच्या टायटलसाठी रिकामा टेम्प्लेट जोडला, तर तो चालेचना. कंसात अट असलेल्या पॅटर्नची डीफॉल्ट प्रायॉरिटी ०.५, साध्या नावाची ०, आणि मोठा आकडा जिंकतो. माझा ढोबळ टेम्प्लेट नेमक्या टेम्प्लेटच्या डोक्यावर बसला होता.

रेजेक्सबद्दल फार बोलायला नको. एक्सएमएलएनएसचा जाहीरनामा उडाला आणि प्रीफिक्स राहिला की नेमस्पेस पाळणारा पार्सर फाइल नाकारतो. प्रीफिक्सही खरवडले, तर स्कीमाच्या (डॉक्युमेंटाची रचना ठरवणाऱ्या फाइलच्या) टाइप ॲट्रिब्यूटच्या किमतीत ‘एक्सएस’ प्रीफिक्स लावलेलं नाव तसंच लटकत राहतं. आणि नेमस्पेस गेलेली एसव्हीजी फाइल ब्राउझर चित्र म्हणून काढतच नाही.

आउटपुटमध्ये नको ते एक्सएमएलएनएस उमटतात, ही तक्रार मात्र रास्त. त्यासाठी एक्सक्लूड-रिझल्ट-प्रीफिक्सेस हा ॲट्रिब्यूट आहे, पण तो स्टाइलशीटमध्ये लिहिलेल्या एलिमेंटपुरताच. मूळ डॉक्युमेंटातून कॉपी होऊन आलेले जाहीरनामे थोपवायला २.० मधला कॉपी-नेमस्पेसेस ‘नो’ करावा लागतो, १.० वर अडकला असाल तर कॉपी न करता एक्सएसएल-एलिमेंट या सूचनेने एलिमेंटच नव्याने घडवा.