कापण्याआधी साखळी सुटायला हवी ना
सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की एन्झाइम कात्रीसारखं सेल्युलोज (वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतलं, ग्लुकोजच्या लांब साखळ्यांनी बनलेलं द्रव्य) कापतं, ते बरोबरच आहे पण खरी मेहनत कापण्यात नाहीये, साखळी सुटी करण्यात आहे. त्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की पाणीसुद्धा आत सहज शिरत नाही. ट्रायकोडर्मा रीसी बुरशीचं सेल७ए हे एन्झाइम घ्या, त्याचा एक छोटा भाग या घट्ट रचलेल्या साखळ्यांच्या स्फटिकाला नुसता धरून बसतो आणि मोठ्या भागात साधारण ५ नॅनोमीटरचा बोगदा असतो, त्यात साखळीचं टोक सुईत दोरा ओवल्यासारखं आत गेलं की एन्झाइम पुढे पुढे सरकत दरवेळी दोन ग्लुकोजचा एक तुकडा, म्हणजे सेलोबायोज, बाहेर सोडतं. किती सुंदर आहे हे! आणि टोकच मिळालं नाही तर? साखळी मधूनच कापणारी एन्डोग्लुकनेज नावाची एन्झाइम असतात, पण एकदम टणक भागात खरी कमाल एलपीएमओ (लायटिक पॉलिसॅकराइड मोनोऑक्सिजनेज) या एन्झाइमची, त्यात तांब्याचा एकच अणू असतो आणि ते साखळी बाहेर न ओढता पृष्ठभागावरच ऑक्सिडेशनने तोडतं, मग तिथे नवी टोकं तयार होतात. कायटिनवर (कीटक-खेकड्यांच्या कवचातलं, सेल्युलोजसारखंच साखळ्यांचं द्रव्य) हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. प्लीज एलपीएमओवर वेगळा लेख लिहा, त्याच्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो.