मतदानाच्या दिवशी ग्रुपवर काय काय टाकावं

१५ जानेवारीला महापालिकेचं मतदान होऊन गेलं, पण माझं डोकं अजून जागेवर आलेलं नाही. म्हटलं, नुसतं चिडून बसण्यापेक्षा मित्रमंडळींना चार गोष्टी समजावून सांगाव्यात. पुढच्या मतदानाला उपयोग होईल. ते कधी येईल हे मात्र विचारू नका. पुण्यात याआधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ ला झालं होतं, त्यानंतर थेट २०२६. कुंभमेळासुद्धा याच्यापेक्षा वक्तशीर असतो. एवढ्या वर्षांनी येणारा दिवस, तो ग्रुपवर नीट साजरा व्हायला नको का?

सकाळी साडेसातला मतदान सुरू होतं. बरोबर त्याच मुहूर्तावर 'शुभ सकाळ'ची फुलं टाकायला घ्यावीत. यंदा तर आदल्या दिवशीच संक्रांत होती, त्यामुळे माल भरपूर होता. १४ तारखेला जे तिळगूळ पाठवायचे राहिले ते सगळे १५ ला उरकावेत. हलव्याचे दागिने घातलेल्या, कुणाच्या तरी पुतणीच्या बाळाचे फोटो टाकावेत, एकच फोटो तिघांनी टाकावा. मग एखाद्या जाणकाराने आठवण करून द्यावी की आज किंक्रांत, आजच्या दिवशी कुठलंही महत्त्वाचं काम करत नाहीत. घराबाहेर न पडायला शास्त्राचा आधार मिळाला की सोफ्यावर बसणंसुद्धा कसं धार्मिक वाटतं.

त्यानंतर मिसळ. मत दिलं नाही तरी चालेल, मिसळ झाली पाहिजे.

कोण उभं आहे, हे ग्रुपवर चुकूनही विचारू नये. राजकारण नको, असा आपल्या ग्रुपचा नियम आहे. (हा नियम परदेशातल्या निवडणुकांना लागू नाही. तिकडच्या अध्यक्षाने काय करायला हवं होतं यावर रात्री दीडपर्यंत बोलता येतं. आपल्या प्रभागातल्या चार जागांपैकी 'क' जागेवर कोण कोण आहे, हे विचारलं की मात्र ग्रुपचं वातावरण बिघडतं.)

गुरुवारी मतदान आलं की शुक्रवारची रजा टाकावी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. तारीख १५ डिसेंबरलाच जाहीर झाली होती, म्हणजे कोकणातली खोली शोधायला चांगला महिनाभर मिळाला. आयोगाने एवढी आगाऊ सूचना दुसऱ्या कशासाठी दिली असणार? समुद्राचा फोटो टाकावा, त्याखाली 'लोकशाहीचा उत्सव' असं लिहावं आणि शेजारी तिरंगा लावावा. तिरंगा विसरू नये. तो लावला की मतदान केल्यासारखंच धरतात.

आता मुख्य मुद्दा. ग्रुपवर एखादा नतद्रष्ट असतो. सणासुदीच्या दिवशी तो उपयोगाची माहिती टाकतो. अशा माणसाचा बंदोबस्त कसा करायचा, हे आमच्या ग्रुपकडून शिकावं. तो नतद्रष्ट यंदा मी होतो.

झालं असं, की मी सकाळी लवकर आमच्या नेहमीच्या शाळेत गेलो. आम्ही सगळे एकाच भागात वाढलेले, निम्मे अजून तिथेच राहतात, आणि वर्षानुवर्षं आमचं मतदान त्याच शाळेत होतं. यादीत नाव नाही. बायकोचं नाव आहे, माझं नाही. विधानसभेच्या याद्या फोडून प्रभागांच्या याद्या करतात आणि त्या फोडाफोडीत आमच्या गल्लीचा अर्धा भाग शेजारच्या प्रभागात जाऊन पडला होता. प्रारूप याद्या नोव्हेंबरात लागल्या होत्या, हरकतीही मागवल्या होत्या, तेव्हा आम्ही सगळे दिवाळीच्या सहलीचा हिशेब मिटवत होतो. असो. शाळेबाहेर पक्षांच्या कार्यकर्त्यांची टेबलं असतात, तिथल्या एका पोराने मोबाइलवर नाव शोधून दिलं. मोठा रस्ता ओलांडून पलीकडची शाळा, तळमजला, मागच्या बाजूचं दार. पुढच्या दारावर पाटीच नव्हती, त्यामुळे लोक येत होते, कुलूप बघत होते आणि परत जात होते.

मत देऊन बाहेर आलो आणि मला अवदसा आठवली. म्हटलं, आपल्यातल्या पाचसहा जणांचं हेच होणार. फुटपाथवर उभं राहून सविस्तर मेसेज लिहिला. कुठल्या इमारतीपासून कुठल्या इमारतीपर्यंतची नावं तिकडे गेली आहेत, शाळा कोणती, दार कुठलं, रांग किती. शिवाय लिहिलं की चार मतं द्यायची आहेत, अ, ब, क, ड अशा चार जागा आहेत, एक बटण दाबून बाहेर पडू नका, चौथं मत पडल्याशिवाय यंत्र वाजत नाही, चारातला एखादा पसंत नसेल तर त्या जागेला नोटा आहे. २०१७ लाही चारच मतं दिली होती आपण, पण ते कुणाच्या लक्षात राहणार?

मेसेज गेला. त्याच्या पाठोपाठ, अक्षरशः पुढच्या मिनिटाला, एका मांजराचा फोटो आला. मांजर उन्हात झोपलेलं होतं. त्यावर 'सो क्यूट', 'किती गोड', 'नाव काय', 'आमच्याकडचं पण बघा', मग आमच्याकडचं. मग एकाची गाडी पार्किंगमध्ये घासली गेली होती, त्याला चांगला डेंटिंगवाला हवा होता. ग्रुपमध्ये एवढी एकमेकांना मदत करायची वृत्ती आहे हे मला त्या दिवशी कळलं. नंबर काय, पत्ता काय, 'माझं नाव सांग, कमी घेईल' काय. मग कुणीतरी विचारलं, आज भाजीवाला आला का रे? मग थंडी. काल जास्त होती का आज. तापमानाचे स्क्रीनशॉट. मग एकीच्या मुलाचा वाढदिवस, म्हणजे सगळ्यांनी एकेक केक टाकणं आलं. माझा मेसेज त्या केकांच्या खाली कुठेतरी श्वास कोंडून मेला.

साडेपाचला मतदान संपतं. पाच वाजून दहा मिनिटांनी पहिला प्रश्न आला.

'अरे आपलं केंद्र बदललंय का? यादीत नाव नाही म्हणतात.'

मी लिहिलं, सकाळी सगळं टाकलंय, वर बघ.

'वर कुठे?'

साडेआठच्या सुमारास.

'खूप मेसेज आहेत रे. परत टाक ना.'

मी परत टाकला. तेवढ्यात टेकडीवरून एकाने मावळतीचा फोटो टाकला आणि तो बरोबर माझ्या मेसेजच्या डोक्यावर बसला. 'वा!' 'कुठला कॅमेरा?' 'पुणे ते पुणेच!' मी सरळ फोन लावला. उचलला नाही. पावणेसहाला त्याचं ग्रुपवर उत्तर आलं, 'जाऊ दे, उशीर झाला. एका मताने काय फरक पडतो.' त्याला अंगठे आले. मांजराला आले होते तेवढेच.

या माणसाला मी शाळेपासून ओळखतो. डेंटिंगवाल्याचे चार नंबर यानेच काढून दिले होते. म्हणजे त्याला मेसेज वाचता येतात.

असो, असो. उपदेश चालू ठेवू.

मतदान केंद्रात मोबाइल चालत नाही. ही गैरसोय बाहेर आल्यावर भरून काढावी. बोटाचे फोटो निरनिराळ्या कोनांतून, एकट्याचे, जोडीने, गॉगल लावून.

शाईबद्दल जरा जास्त बोलावं लागेल. यंदा ती बाटलीतली शाई नव्हती, मार्कर होता. तो पुसला जातोय, अशा तक्रारी सकाळपासूनच आल्या. आयोग म्हणाला, स्थानिक निवडणुकांत हा २०११ पासून वापरतोय. म्हणजे प्रश्न गंभीरच होता आणि त्यावर नीट उत्तर मागायला हवं होतं. आपण काय केलं? ग्रुपची प्रयोगशाळा केली. नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, भांड्यांचा साबण, लिंबू. प्रत्येकाचा व्हिडिओ, मागे टीव्हीचा आवाज. एकाने तर कमाल केली. मतदानाला गेलाच नाही, घरातल्या मुलीच्या मार्करने बोट रंगवलं आणि ते पुसून दाखवलं. खाली लिहिलं, 'सिस्टिमच सडलेली आहे.' यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

दुबार मतदारांच्या नावापुढे यादीत दोन चांदण्या होत्या. आपल्या नावापुढे आहेत का, हे बघायला कुणी गेलं नाही, पण त्यावरचे विनोद उत्तम होते.

संध्याकाळी टक्केवारी येते. तेव्हा हळहळावं. 'पुणेकरांना लाज वाटली पाहिजे' असं लिहावं. जे गेले नाहीत त्यांनी आधी लिहावं, म्हणजे कुणाचा संशय येत नाही.

आणि मग पावसाळ्याची वाट बघावी. जूनमध्ये आपल्या ग्रुपला नागरिकशास्त्र आठवतं. पहिला खड्डा दिसला की फोटो, त्यावर लाल गोल, खाली 'टॅक्स कशाला भरतो आपण?' आपल्या लेखण्यांना तेव्हा काय धार येते! मार्च २०२२ मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून महापालिकेत प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं आपल्याला नगरसेवक नव्हता. त्या चार वर्षांत याच ग्रुपवर किती वेळा विचारलं गेलं, 'आपला नगरसेवक कोण आहे रे?' कुणीच नाही, हे सांगितलं की 'असं कसं?' असं तसंच. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, तारखांवर तारखा, शेवटी सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारीच्या आत उरका म्हणून बजावलं तेव्हा कुठे निवडणूक लागली. ती लागावी म्हणून लोक कोर्टात भांडत होते आणि तुम्ही त्या दिवशी मांजर बघत होता.

आता टोमणे पुरे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, सिंहगड रस्त्याला, नांदेड गावात, किरकटवाडीत माणसं एकाएकी हातपाय लुळे पडून दवाखान्यात जात होती. जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार. पाण्यात दोष निघाला. आपल्यातला एक जण तिथेच राहतो, घरी लहान मूल आहे. त्याने ग्रुपवर विचारलं होतं, पाण्याबद्दल नक्की कोणाला गाठायचं? आठवतंय? कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण गाठायला प्रभागातला निवडून आलेला माणूसच नव्हता. २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेल्या २३ गावांनी तर महापालिकेत आपला नगरसेवक कधी पाहिलाच नव्हता. कर भरायचा, टँकरचं पाणी विकत घ्यायचं आणि तक्रार करायला अधिकाऱ्याच्या दारात उभं राहायचं. तो मित्र १५ तारखेला रांगेत उभा राहिला, बायकोला आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन गेला. त्याने बोटाचा फोटो टाकला नाही. ग्रुपवर त्या दिवशी त्याचा एकही मेसेज नाही.

आणि तुम्ही काय करत होता? केंद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर होतं. सुट्टी भरपगारी होती. माहिती हातात आणून दिली होती, दोनदा. तुम्हाला अडवायला कुणी आलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, तुम्ही आजारी नव्हता. तुम्हाला कंटाळा आला होता, बाकी काही नाही. कंटाळा आला म्हणा ना सरळ. 'सिस्टिम', 'एका मताने काय होतं', 'सगळे सारखेच', ही कसली भाषा? सगळे सारखेच आहेत हे कळायला आधी कोण कोण उभं आहे ते वाचावं लागतं. ते वाचलं का? चार नावं सांगा पाहू. चार सोडा, एक सांगा. तुमच्यापेक्षा आमच्या इमारतीतल्या ऐंशीच्या पुढच्या आजी बऱ्या. दोन शाळा पालथ्या घातल्या, काठी टेकत परत आल्या, आणि वर मलाच विचारलं, 'तुझे ते मित्र येऊन गेले का?' काय सांगणार होतो मी त्यांना?

ग्रुपवर वाढदिवस घाला, मांजरं घाला, माझं काही म्हणणं नाही. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस त्यासाठीच आहेत. पण त्या एका दिवशी, साडेसात ते साडेपाच, कुणी कामाचं लिहिलं तर वाचायला काय धाड भरली होती? आणि वाचायचं नसेल तर निदान त्याच्यावर केक ठेवू नका.

१६ ला निकाल लागला. दुपारी ग्रुपवर विचारणा झाली, आपल्याकडे कोण आलं? मी चौघांची नावं टाकली. लगेच प्रश्न आला, 'यातल्या कुणाचा नंबर आहे का? आमच्या गल्लीतला दिवा आठवडाभर बंद आहे.' विचारणारा तोच, पावणेसहाला 'जाऊ दे' म्हणणारा.

नंबर आहे माझ्याकडे. नाही दिला.