प्रिंटरच्या नावानं चांगभलं!

लाखो रुपये ओतून ऑफिसच्या नेटवर्कवर ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय यंत्राला आत न घेणारा पहारा) लावायचं, लॅपटॉपागणिक सर्टिफिकेट द्यायचं, ती ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर उभा करायचा आणि मग प्रिंटर जोडला जात नाही म्हणून स्विचवरच्या त्या पोर्टला (केबलच्या खाचेला) सरळ सूट! का, तर "साहेबांची प्रिंट अडलीय." सूट कशावर? मॅक ॲड्रेसवर, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या नंबरावर. अहो, तो प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पेजवर छापून येतो! लॅपटॉपला तोच ॲड्रेस द्यायला दोन मिनिटं पुरतात.

सूट द्यायचीच तर प्रिंटरांचं व्हीलॅन (नेटवर्कातला स्वतंत्र कप्पा) वेगळं काढा. तिथं फक्त प्रिंट सर्व्हरला ९१०० किंवा ६३१ या प्रिंटिंगच्या पोर्ट नंबरांवर येऊ द्या. स्कॅन फोल्डरमध्ये टाकायचं असेल तर त्या एकाच सर्व्हरचं ४४५ (फाइल शेअरिंगचं पोर्ट) उघडा, बाकी सगळं बंद. आणि आधी प्रिंटरचा मेनू तरी बघा! ऑफिसातल्या बऱ्याच मॉडेलांत ८०२.१एक्स असतं, कुणी चालूच करत नाही.

त्यात टेबलाखाली कुणीतरी आठ पोर्टचा स्वस्तातला स्विच खोचलेला. मुख्य स्विचचं पोर्ट मल्टी-होस्ट मोडवर असेल तर एक लॅपटॉप पास झाला की मागची सगळी वरात फुकटात आत. मल्टी-ऑथ करा की, प्रत्येकाची वेगळी तपासणी होईल. पोर्टमागे एका ओळीची कमांड आहे. तर म्हणे, "ऑडिट आलं की बघू."