आकृतीचा रिकामा कोपरा

आमच्या शाळेची भूगोलाची सहल मॅपलटनला जाते. लीड्सहून बसनं दोन तास, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं चिमुकलं गाव. चौदा-पंधरा वर्षांची साठेक पोरं, प्रत्येकाच्या हातात क्लिपबोर्ड, पायात गमबूट, आणि जूनचा शेवट असला तरी अंगावर रेनकोट. होल्डरनेस म्हणतात त्या किनारपट्टीला. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या चिकणमातीचा कडा आहे, आणि तो सरासरी वर्षाला दोनेक मीटरनं मागे सरतो. गावातून जाणारा रस्ता समुद्रात जाऊ नये म्हणून १९९१ मध्ये तिथं मोठमोठ्या दगडांचे दोन बांध समुद्रात आडवे घातले. आपल्या कोकणात ज्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात त्याच कुळातले.

पोरांचं काम साधं. बांधाच्या उत्तरेला वाळू किती उंच साठली आणि दक्षिणेला किती, हे टेपनं मोजायचं. पुळणीचा उतार काढायचा. दर दहा पावलांवर दहा गोटे उचलून त्यांची लांबी लिहायची. अर्ध्या तासात बोटं गारठतात, कागद भिजतो, कुणीतरी सीगलला सँडविच गमावून बसतं. पण उत्तरेला वाळू बांधाच्या माथ्याला टेकलीय आणि दक्षिणेला पाऊण माणूस खाली उतरावं लागतंय, हे ती पोरं पायांनी शिकतात. मागच्या वर्षी एका मुलीनं दक्षिणेकडच्या कड्याकडे बोट करून विचारलं, "मिस, गाव वाचवलं म्हणून तिकडचं शेत लवकर जातंय का?" तेच उत्तर होतं. वाळू अडली की पुढचा किनारा उपाशी पडतो. ती म्हणाली, "मग शेतवाल्याला कुणी विचारलं होतं का?" हा प्रश्न माझ्या पाठाच्या टिपणात नव्हता.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, आमच्याच गावी, दहावीला आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "मावशी, क्षेत्रभेटीचा अहवाल लिहितोय." मी खूश. विचारलं, कुठं गेला होतात? "कुठं नाही. मॅडमनी फळ्यावर दिलाय." आपल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिला धडाच क्षेत्रभेट आहे, आणि माझ्या मते ती कल्पना फार चांगली आहे. नळदुर्गहून अलिबागला निघालेली मुलं वाटेत पठार, घाट, किनारा बघत जातात. पण परीक्षेत त्याचं काय होतं? "क्षेत्रभेटीदरम्यान तुम्ही कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल?" "क्षेत्रभेटीसाठी प्रश्नावली तयार करा." भाच्याला दोन्ही उत्तरं तोंडपाठ आहेत. कचरा कुठंच झालेला नाही, कारण पोरं वर्गाबाहेरच गेलेली नाहीत.

आता घरच्या वादाकडे येते. २०२५ मध्ये राज्यात पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम आणायचं ठरलं, तेव्हापासून आमच्या कौटुंबिक ग्रुपवर दर पंधरवड्याला तेच पेटतं. महाराष्ट्राचा इतिहास आणि भूगोल आता पुस्तकात उरणार का? सह्याद्रीला किती पानं, शिवरायांना किती? राज्याचा भाग कमी होणार नाही, असं सरकार सांगतं. काकांचा विश्वास नाही. काळजी खोटी नाही. सीबीएसईच्या दहावीत सामाजिक शास्त्रांचा पेपर ऐंशी गुणांचा आणि त्यात भूगोलाला वीस. आपल्याकडे भूगोलाचा चाळीस गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. वीस गुणांत अख्खा भारत बसवायचा म्हटल्यावर माणदेशाच्या वाट्याला काय येणार?

मात्र त्या चाळीस गुणांची आपण स्वतः काय किंमत केली तेही आठवून बघावं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दहावीचा एक पेपर राहून गेला तो भूगोलाचा. आधी पुढे ढकलला, मग रद्द केला, बाकीच्या विषयांच्या सरासरीनं गुण दिले. त्या परिस्थितीत दुसरं काही करणं अवघडच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. मला खटकलं ते वेगळंच. लाखो घरांत त्या दिवशी हायसं वाटलं. गणिताचा पेपर रद्द झाला असता तर एवढे विनोद फिरले असते का?

मी स्वतः नववीत असताना सरांनी फळ्यावर प्रतिरोध पर्जन्याची आकृती काढली होती. डावीकडे समुद्र, वर ढग, मधे डोंगर, बाणांनी वर चढणारे वारे, डोंगराच्या डाव्या उतारावर तिरप्या रेघांचा पाऊस. उजवीकडे मोकळी जागा आणि तिथं लिहिलेलं, "पर्जन्यछायेचा प्रदेश", म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग. मला त्या आकृतीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्याच आठवड्यात आमच्या वस्तीवर टँकर आला नव्हता, आणि आई दोन घागरींसाठी बांधाबांधानं दीड मैल गेली होती. उजवीकडचा तो रिकामा कोपरा म्हणजे आमचं गाव, हे सरांनी सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही. महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या तालुक्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. जगात कुठल्याही भूगोलाच्या शिक्षकाला हेवा वाटावा असा धडा एसटीच्या एका दिवसाच्या अंतरावर पसरलेला, आणि आम्ही पाठ काय करत होतो, तर मेघालयातल्या मौसीनरामचा पाऊस.

म्हणून मला पानं मोजायचा वाद अपुरा वाटतो. पुस्तकात सह्याद्रीला वीस पानं मिळाली आणि प्रश्न "भौगोलिक कारणे लिहा" एवढाच राहिला, तर सह्याद्रीही ब्राझीलच्या उच्चभूमीसारखाच लांब राहील. सध्याचं पुस्तक भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवतं. मला ती कल्पना आवडते, पण भाच्याला ब्राझीलमधले कॉफीचे मळे ठाऊक आहेत आणि माणगंगा कुठं उगम पावते ते नाही.

इथलं, इंग्लंडातलं, सगळं छान चाललंय असं मात्र कुणी समजू नये. चौदाव्या वर्षानंतर भूगोल ऐच्छिक होतो, निम्मा वर्ग तिथंच गळतो. भूगोल घेणाऱ्यांना क्षेत्रभेट दोनदा सक्तीची, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, आणि तसं झाल्याचं शाळेला परीक्षा मंडळाला लिहून द्यावं लागतं. पण २०१६ च्या बदलानंतर मुलांनी लिहिलेल्या अहवालाला गुण नाहीत. सगळं लेखी पेपरात. त्यामुळे मॅपलटनहून परत येताना बसमध्येच काही पोरं "आमच्या माहितीची मर्यादा अशी की" या वाक्याचा साचा तयार करायला लागतात. भाच्याच्या कचऱ्याच्या उत्तराचा हा गोरा भाऊच म्हणायचा. आठवीतल्या एका पोरानं मला विचारलं होतं, आफ्रिकेची राजधानी कोणती? आपल्याकडे नकाशाच्या आराखड्यात नद्या, धरणं, बंदरं भरून घेतात त्याला घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडण्याची फॅशन आहे. मी त्यात नाही. नावं डोक्यात असली की बातमी वाचताना बोट आपोआप नकाशावर जातं. इथल्या मुलांचं बोट हवेतच राहतं.

आणि धारावी. विकसनशील देशातलं एक मोठं शहर शिकवायचं असतं, बऱ्याच शाळा लागोस, रिओ किंवा मुंबई घेतात. आमची मुंबई घेते. तयार स्लाइडवर दोन रकाने: अडचणी, संधी. एका बाजूला सांडपाणी आणि गर्दी, दुसरीकडे भंगाराचा पुनर्वापर, कातडी काम, कुंभारवाडा. पहिल्या वर्षी एकानं भाबडेपणानं विचारलं, "मिस, तुम्ही तिथल्या का?" मी म्हटलं, मी तिथून अडीचशे किलोमीटरवरची, पण आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं पाऊस नाही म्हणून मुंबईला गेली. तेव्हापासून मी तो पाठ महाबळेश्वर आणि दहिवडीच्या पावसापासून सुरू करते. रिकामा कोपरा फळ्यावर काढते, त्यात गावाचं नाव लिहिते, आणि तिथून मुंबईकडे बाण. लीड्समधल्या पोरांना माणदेश कळतो, आणि माणमधल्या भाच्याला तो कुणी शिकवत नाही, याचं हसू येतं आणि रागही.

आपल्याकडे काही नाही असंही नाही. बालभारतीची तिसरीची परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्ह्यानुसार वेगळी असायची. आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या जिल्ह्याचं पुस्तक! मी हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. ही गोष्ट तिसरीत का संपावी? सीबीएसई पॅटर्न असो की आणखी काही, भांडायचंच तर याच्यासाठी भांडावं: दहावीच्या पेपरात पाच गुण आपल्या तालुक्यावर, आणि शाळेच्या भिंतीवर भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारास एक प्रमाणाचा आपल्या भागाचा नकाशा. इथं परीक्षेत मुलांपुढे अनोळखी गावाचा समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा टाकतात, वाच म्हणतात. आपल्या मुलांना हे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर त्यानं आमच्या तालुक्यात यावं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत २०१८ मध्ये माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. तेव्हा शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी उन्हात उभं राहून उताराची समपातळी आखली आणि सलग समतल चर खणले. समोच्च रेषा म्हणजे काय ते त्यांच्या टिकावाला माहीत होतं. त्यांचीच नातवंडं वर्गात तिची व्याख्या पाठ करतात.

भाच्याला मी एवढंच सांगितलं होतं, पुढच्या वेळी ती पावसाची आकृती काढशील तेव्हा उजव्या कोपऱ्यात गावाचं नाव लिही. त्यानं लिहिलं. वर एक विहीर काढली, शेजारी टँकर. वही तपासून आल्यावर फोटो पाठवला. खाली लाल शाईत शेरा होता, "पुस्तकातील आकृतीच काढावी."